जिंगशिंगची लढाई

जिंगशिंगची लढाई (इ.स.पू. २०४) : चीनमधील ताइहांग पर्वतरांगेत, जिंगशिंग खिंडीच्या पूर्वेकडील तोंडाशी हान आणि झाओ सैन्यांत झालेली लढाई. छिन साम्राज्य कोसळल्यावर लिऊ बांग आणि श्यांग यू यांच्यात सत्तेसाठी जे युद्ध पेटले (इ.स.पू. २०६–२०२), त्यातला हा उत्तरेकडचा निर्णायक प्रसंग. लिऊ बांगच्या हान पक्षाचा सेनापती हान शिन याने ही लढाई जिंकली.

पश्चिमेचे शान्शी पठार आणि पूर्वेचे हपेई मैदान यांच्यामध्ये ताइहांगची भिंत उभी आहे. ती ओलांडण्याच्या आठ प्रसिद्ध वाटांपैकी जिंगशिंग ही एक. आजच्या शिज्याच्वांग शहराच्या पश्चिमेस. ‘जिंग’ म्हणजे विहीर. चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये खोलगट जागा, म्हणून हे नाव पडल्याचे सांगतात. इ.स.पू. २२९ मध्ये छिनचा सेनापती वांग ज्येन याच वाटेने जुन्या झाओ राज्यावर उतरला होता. म्हणजे ही खिंड शत्रूच्या हाती मोकळी सोडली तर काय होते, हे झाओच्या भूमीला पंचवीस वर्षांपूर्वीच कळले होते.

हान शिनची अवस्था बिकट होती. वेई आणि दाय ही राज्ये त्याने नुकतीच जिंकली होती. पण त्याचे कसलेले सैनिक लिऊ बांगने श्यांग यूविरुद्धच्या आघाडीवर काढून नेले. उरली ती काही दहा हजारांची, बरीचशी नवखी फौज. समोर झाओची दोन लाखांची सेना होती, असे इतिहासकार सिमा च्येन लिहितो. आकडा फुगवलेला असावा, पण संख्याबळ झाओकडे होते यात शंका नाही.

झाओच्या छावणीत ली झ्वोच्यू नावाचा एक जाणता सरदार होता. खिंडीत दोन रथ शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत, तेव्हा हानची रसद मागेच रेंगाळणार, हे त्याने हेरले. ‘मला तीस हजार माणसे द्या, मी आडवाटेने जाऊन रसद तोडतो, तुम्ही खंदक खणून, तट उंच करून बसा, लढूच नका,’ असे त्याने सुचवले. सेनापती चेन यू याने ते नाकारले. न्याय्य सेनेने कपट करू नये, असे तो मानी. शिवाय एवढ्याशा फौजेला टाळले तर इतर राजे आपल्याला भेकड समजतील, ही धास्ती. हानच्या बाजूने त्याचा एकेकाळचा जिवलग मित्र आणि आताचा वैरी झांग अर चालून येत होता, हेही विसरता येत नाही.

हेरांनी ही बातमी आणल्यावरच हान शिन खिंडीत शिरला. तोंडापासून तीस ली (सुमारे १२ किमी) अलीकडे त्याने मुक्काम केला. मध्यरात्री दोन हजार हलके घोडेस्वार, प्रत्येकाकडे एक लाल निशाण देऊन, डोंगरातल्या पायवाटेने पाठवले. मग दहा हजारांची तुकडी पुढे जाऊन नदीकडे पाठ करून उभी राहिली. झाओचे सैनिक ते पाहून हसले. तरी त्यांनी तिच्यावर हल्ला केला नाही, आणि हान शिनला तेच अपेक्षित होते: आघाडीला झोडपले तर मुख्य सेना खिंडीतूनच मागे फिरेल, म्हणून सेनापतीचे निशाण दिसेपर्यंत झाओ थांबणार होते.

उजाडताच हान शिन स्वतः निशाण-नगाऱ्यांसह बाहेर पडला, लढला आणि पळाल्याचे सोंग करून, ती निशाणे व नगारे टाकून, नदीकाठी आला. लुटीच्या आशेने झाओची छावणी रिकामी झाली. दबा धरलेले स्वार आत घुसले आणि त्यांनी झाओची निशाणे उपटून दोन हजार लाल निशाणे रोवली. नदीकाठची तुकडी हटेना, म्हणून झाओची सेना माघारी वळली, तेव्हा तिला आपल्याच तटावर शत्रूची निशाणे दिसली. तिथेच ती मोडली. चेन यू मारला गेला, राजा झाओ श्ये पकडला गेला.

‘पाण्याकडे पाठ करून लढणे’ हा चिनी वाक्प्रचार इथूनच रूढ झाला. सरदारांनी विचारल्यावर हान शिनने सांगितले, की मुरलेले सैनिक नसताना, बाजारातली माणसे लढाईत उतरवल्यासारखी स्थिती असताना, पळायला जागा ठेवली असती तर सगळे पळाले असते. मात्र विजयाचे सारे श्रेय नदीला देणे चूक आहे. नदीने सैन्याला फक्त टिकवून धरले. लढाई फिरली ती रिकाम्या छावणीमुळे. आणि त्याही आधी, खिंड मोकळी सोडली गेली तेव्हाच झाओचा मोठा आधार गेला होता.

ली झ्वोच्यूला जिवंत आणणाऱ्यास हान शिनने मोठे बक्षीस लावले होते. बांधून आणल्यावर त्याने स्वतः त्याचे दोर सोडले, त्याला मानाच्या जागी बसवले आणि शिष्यासारखा सल्ला विचारला. दमलेल्या सैन्याला विश्रांती द्या आणि यान राज्याला दूताकरवी पत्र पाठवा, असे तो म्हणाला. हान शिनने तसे केले आणि यान न लढताच शरण आले.