नदीकाठच्या डच गावात घर घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि करारातल्या तारखा

नेदरलँड्समध्ये लिंगे नदीच्या काठावर अकोय नावाचं छोटंसं गाव आहे. गावात दुकानं जवळपास नाहीतच. एप्रिलमध्ये आजूबाजूच्या सफरचंद-नासपतीच्या बागा फुलतात, आणि चर्चचा विटांचा मनोरा एका मीटरहून जास्त कललेला आहे. तो मनोरा पंधराव्या शतकातला. खालच्या मऊ चिकणमातीने त्याला कलवलं. इथल्या बेटुव भागात घर शोधायला निघालेल्या आपल्या माणसांना मी आधी तो मनोरा बघून यायला सांगतो. कारण इथली कागदपत्रांची फाईल फार अवघड नाही. चुकतं ते जमीन आणि पाणी तपासण्यात, आणि ती तपासणी करारातल्या तारखांच्या आत करण्यात.

पहिला प्रश्न नेहमीचा: भारतीय पासपोर्टवर घर घेता येतं का? येतं. नेदरलँड्समध्ये घर खरेदीसाठी राष्ट्रीयत्वाची अट नाही. अट असते ती कर्ज देणाऱ्या बँकेची. बीएसएन, म्हणजे इथला नागरिक-सेवा क्रमांक हवा, वैध रहिवास परवाना हवा आणि स्थिर उत्पन्न हवं. नोकरी कायम असेल तर काम सोपं. करार मुदतीचा असेल तर 'मुदत संपल्यावर कायम करण्याचा इरादा आहे' असं कंपनीचं लेखी पत्र बँका मागतात. परवान्याची किती मुदत शिल्लक हवी, परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या तीस टक्के करसवलतीचा पगार पूर्ण धरायचा की नाही, हे बँकेनुसार बदलतं. म्हणून घरं बघायला सुरुवात करण्याआधी कर्ज सल्लागाराकडे बसा. काही नगरपालिका, म्हणजे खेमेंते, ठरावीक घरांसाठी राहण्याचा वेगळा परवाना मागतात किंवा 'स्वतःच राहायचं' अशी अट घालतात. अकोय वेस्ट बेटुव या खेमेंतेत येतं. ज्या गावात घर बघाल तिथल्या खेमेंतेच्या संकेतस्थळावर ही अट बघून घ्या.

बँकेसाठी लागणारी फाईल अशी: पासपोर्ट, रहिवास परवाना, नोकरीचा करार, अलीकडची पगारपत्रकं, कंपनीने भरून दिलेलं वेर्कखेव्हर्सव्हेर्क्लारिंग म्हणजे मालकाचं प्रमाणपत्र, बँक खात्याचे उतारे, चालू कर्जांचा तपशील. बीकेआर या पतनोंदणी संस्थेकडे तुमची डच कर्जं दिसतात, हप्त्यावर घेतलेला फोनसुद्धा. घर पसंत पडल्यावर मूल्यांकन अहवाल, म्हणजे ताक्सातीरापोर्ट, जोडला जातो.

भारतातल्या कागदांकडे आपली मंडळी दुर्लक्ष करतात आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ होते. लग्न भारतात झालं असेल तर नोटारिस, म्हणजे घराचे दस्त करणारा कायदेतज्ज्ञ, विचारतो: कधी झालं, कुठे झालं, लग्नानंतर पहिला संसार कुठल्या देशात केला? नवरा-बायकोच्या मालमत्तेला कुठल्या देशाचा कायदा लागू होतो हे त्यावर ठरतं. घर एकाच्याच नावावर घेतलं तरी राहत्या घराच्या गहाणखताला जोडीदाराची संमती लागते. विवाह प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण हवं. इंग्रजी कागद इथे चालतो. ग्रामपंचायतीचा फक्त मराठीतला दाखला असेल तर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं. सुट्टीत घरी गेलात की हे काम उरकून या. इथे बसून ते करवून घ्यायला महिने जातात.

पैसे भारतातून येणार असतील तर त्यांचाही माग तयार ठेवा. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या खात्यातली रक्कम मोकळेपणाने आणता येते. एनआरओ, म्हणजे त्याच्या भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातून कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात आणि त्यासाठी सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. आईवडील मदत करणार असतील तर भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. इथली बँक आणि नोटारिस दोघेही पैशांचा उगम विचारतात. आईवडिलांच्या सहीचं बक्षीसपत्र आणि बँकेचे उतारे दाखवले की प्रश्न मिटतो.

आता रकमांचा हिशेब. नेदरलँड्समध्ये बँक घराच्या मूल्याच्या १०० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, वरचा खर्च मात्र खिशातून. जाहिरातीत किमतीपुढे 'कोस्टेन कोपर' लिहिलेलं असतं, म्हणजे हस्तांतरणाचा खर्च खरेदीदाराचा. स्वतः राहणाऱ्याला हस्तांतरण कर २ टक्के. वय १८ ते ३४ असेल आणि पूर्वी ही सवलत घेतली नसेल तर तोही माफ. २०२५ साली त्यासाठी घराची कमाल किंमत ५,२५,००० युरो होती. स्वतः न राहता गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला २०२५ मध्ये १०.४ टक्के भरावे लागत होते, २०२६ पासून दर ८ टक्के आहे. राष्ट्रीय गृहकर्ज हमी, म्हणजे एनएचजी, घेतली तर व्याज थोडं कमी पडतं. तिची मर्यादा २०२५ मध्ये ४,५०,००० युरो आणि शुल्क कर्जाच्या ०.४ टक्के होतं. या मर्यादा दरवर्षी १ जानेवारीला बदलतात.

समजा घराची बोली ४,३५,००० युरोला लागली आणि मूल्यांकन ४,२०,००० चं आलं. मधले १५,००० तुमचे. २ टक्के कराचे ८,७०० तुमचे. त्यावर नोटारिस, मूल्यांकन, सल्लागार आणि तपासणी. हे आकडे बोली लावण्याआधी कागदावर मांडा. शनिवारी दुपारी नदीकाठच्या बागेत उभं राहून आकडा वाढवायचा मोह फार होतो.

विक्रेत्याचा माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, हा विक्रेत्याचा माणूस असतो, कितीही गोड बोलला तरी. त्याला विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली मागा. गळती, तळघर, शेजाऱ्यांशी वाद, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण खरेदीदारावरही स्वतः चौकशी करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. 'मला कुणी सांगितलं नाही' हे पुढे फारसं चालत नाही.

ही चौकशी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. आम्ही पाहिलेल्या एका घरात तपासनीसाने सगळ्यात आधी दारातलं पायपुसणं उचललं. त्याखाली लाकडी झाकण होतं. झाकण उघडून तो टॉर्च घेऊन पोटावर आडवा झाला. जमिनीखालच्या त्या अरुंद पोकळीला क्रौपरौम्ते म्हणतात. आत बोटभर पाणी उभं होतं आणि तुळईची टोकं काळी पडली होती. वर बैठकीच्या खोलीत नवा रंग, फुलदाणीत ट्यूलिप. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग आम्ही दोनदा पाहूनही पाहिली नव्हती. ते घर आम्ही सोडलं, आणि सोडता आलं ते फक्त करारात तपासणीची अट लिहिलेली होती म्हणून. जुन्या घराचा पाया लाकडी खांबांवर आहे की थेट मातीवर, हे आवर्जून विचारा. साध्या तपासणीत पाया उकरून बघत नाहीत, शंका आली तर वेगळी तपासणी करावी लागते.

मग पाणी. घर बांधाच्या आत आहे की नदीच्या बाजूला, बाहेर? बाहेरच्या घराला 'बाउटनडाइक्स' म्हणतात आणि तिथे पुराचा धोका रहिवाशाने स्वतः पत्करलेला असतो. आतल्या घरांनाही इतिहास आहे. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत वाल आणि मास नद्यांचं पाणी चढलं तेव्हा नद्यांकाठच्या भागातून सुमारे अडीच लाख लोकांना हलवलं होतं. बांध टिकले. त्यानंतर बांध मजबूत झाले आणि नद्यांना पसरायला जागा दिली गेली. तरी मोठ्या नदीचा मुख्य बांध फुटून झालेलं नुकसान बहुतेक घरविम्यांत धरलेलं नसतं. पॉलिसीतला तेवढा परिच्छेद बोट ठेवून वाचा.

नदीला लागून असलेल्या जागेचा कारभार वाटरस्खाप बघतं, म्हणजे पाण्याचं प्रशासन. बेटुवमध्ये ते काम तील शहरातलं वाटरस्खाप रिव्हिरेनलांट करतं. बागेच्या कडेच्या चराची साफसफाई कुणाची, काठाला ठोकलेल्या फळ्या कुणाच्या, हे त्यांच्या नोंदवहीत असतं. पुष्कळ चर लगतच्या मालकाने शरदात साफ करायचे असतात आणि नंतर पाहणी होते. बोटीसाठी धक्का बांधायचा, बांधाजवळ खणायचं, झाड लावायचं, तर परवानगी लागू शकते. १ जानेवारी २०२४ पासून असे अर्ज ओमखेव्हिंग्सलोकेट या एकाच सरकारी पोर्टलवर करता येतात. आधीच्या मालकाचा सुंदर धक्का परवानगीचा आहे का, हे खरेदीआधी विचारा. नंतर काढायला लागला तर खर्च तुमचा.

बोली स्वीकारली गेली तरी तोंडी होकार बांधील नाही. लेखी करारावर दोघांच्या सह्या लागतात. सह्या झालेली प्रत हातात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस विचार करायला मिळतात आणि त्यांत किमान दोन कामाचे दिवस असावेच लागतात. या काळात कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर मात्र बाहेर पडण्याची वाट करारातल्या अटींमधूनच: कर्ज न मिळणं, एनएचजी नाकारलं जाणं, तपासणीत ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघणं. प्रत्येक अटीला तारीख असते. कर्जाच्या अटीसाठी बँकेचं लेखी नकारपत्र लागतं, एक की दोन ते करारात वाचा. तारीख उलटून गेल्यावर मागे फिरलात तर साधारण किमतीच्या १० टक्के दंड. तेवढीच अनामत किंवा बँकेची हमी आधीच नोटारिसकडे दिलेली असते. स्पर्धेत बोली आकर्षक दिसावी म्हणून या अटी काढून टाकायला सांगतात. शहरातल्या नव्या फ्लॅटला एखादा तो धोका घेईल. शंभर वर्षांच्या नदीकाठच्या घराला तपासणीची अट सोडू नका.

नोटारिस कुठला, हे सहसा खरेदीदार ठरवतो. डच येत नसेल तर शपथबद्ध दुभाषी आधी ठरवा, कारण दस्त समजल्याशिवाय सही घेतली जात नाही. हस्तांतराच्या दिवशी सहीआधी घराची शेवटची पाहणी असते. रिकाम्या घरात पायपुसण्याखालचं झाकण पुन्हा एकदा उघडून बघा. मग दोन दस्त, मालकीचा आणि गहाणाचा. नोटारिस ते काडास्टरमध्ये, म्हणजे जमीन-मालमत्तेच्या सरकारी नोंदणीत, नोंदवतो आणि त्या नोंदीने घर तुमचं होतं. नवा पत्ता खेमेंतेला कळवायची मुदत घर बदलण्याच्या चार आठवडे आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत. खेमेंतेचा मालमत्ता कर आणि वाटरस्खापचा कर यांचं बिल त्या पत्त्यावर येतं.