लोड टेस्टिंगमधील पाठवलेल्या व मिळालेल्या डेटाचे मोजमाप

संकेतस्थळावर एकाच वेळी पुष्कळ वापरकर्ते आले तर ते किती ताण सोसते, हे पाहण्यासाठी लोड टेस्टिंग करतात. या चाचणीत दर सेकंदाला किती डेटा गेला आणि किती आला, याची नोंद म्हणजे हे मोजमाप. अपाची जेमीटर या लोड टेस्टिंगच्या साधनाच्या समरी रिपोर्टमध्ये त्यासाठी ‘रिसीव्ह्ड केबी/सेकंद’ आणि ‘सेंट केबी/सेकंद’ असे दोन रकाने असतात. दिशा चाचणी करणाऱ्या मशीनच्या बाजूने धरलेली असते. आपल्या अहवालातले ‘सेंट’ म्हणजे सर्व्हरच्या आलेखातली आवक. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहताना नवख्यांचा घोळ होतो तो इथेच.

हिशेब साधा आहे. दर सेकंदाच्या रिक्वेस्टना (सर्व्हरकडे केलेल्या मागण्यांना) सरासरी बाइट्सनी गुणायचे आणि केबी काढण्यासाठी 1024 ने भागायचे. सेकंदाला 40 रिक्वेस्ट आणि प्रत्येकीचे उत्तर 51,200 बाइट्सचे असेल, तर रकान्यात 2,000 केबी दिसतील. इंटरनेटची लाइन मात्र बिटमध्ये विकली जाते आणि एका बाइटमध्ये 8 बिट असतात, म्हणून 8 ने गुणल्याशिवाय तुलना करू नये. वरचे 2,000 केबी म्हणजे साधारण 16.4 मेगाबिट.

हे गुणिले-आठ विसरले की काय होते, ते घरून चाचणी चालवणाऱ्याला लवकर कळते. समजा, इंदुरात राजवाड्याजवळच्या घरात 100 मेगाबिटची लाइन आहे आणि तिथून जेमीटर चालवला. युजर 50 चे 100 केले, 100 चे 200 केले, तरी ‘रिसीव्ह्ड’ 12,000 केबीच्या आसपास अडून बसते आणि रिस्पॉन्स टाइम (उत्तर यायला लागणारा वेळ) मात्र चढत जातो. 100 मेगाबिट म्हणजे सुमारे 12,200 केबी. तेव्हा आधी आपलीच लाइन भरली असल्याचा संशय घ्यावा, सर्व्हरचा नंतर. असा अहवाल पुढे पाठवणे हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांवर अन्याय आहे.

उलट रिक्वेस्टचा वेग वाढला आणि मिळालेला डेटा घटला, तर अधिक सावध व्हावे. ताणाखाली सर्व्हर खऱ्या पानाऐवजी ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असे चार ओळींचे पान देऊ लागतो, तेही कधीकधी 200 हा यशाचा कोड लावून. एरर टक्केवारी शून्य राहते, पण 48 केबीचे उत्तर 600 बाइट्सवर आलेले सरासरी बाइट्सच्या रकान्यात लगेच दिसते. म्हणून हा रकाना पाहिल्याशिवाय चाचणी पास म्हणू नये.

‘सेंट’ रकान्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जेमीटरच्या जुन्या आवृत्त्यांत तो नव्हताच. मराठी संकेतस्थळांसाठी मात्र त्याला मोल आहे. इंदुरात होळकरशाहीपासून मराठी घरे आहेत आणि आज सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसची संकुलेही आहेत. इथल्या एखाद्या मराठी वाचनालयाने ऑनलाइन सूची केली, असे धरू. वाचकाने ‘अहिल्याबाई होळकर’ असे शोधले. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजले जातात. 15 चिन्हे आणि शब्दांमधली एक मोकळी जागा मिळून 46 बाइट होतात. रोमन लिपीत हेच नाव 16 बाइटांत बसते. शोध पानाच्या पत्त्यातून (यूआरएलमधून) गेला तर प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन अक्षरी रूप होते आणि 46 चे 138 होतात. उत्तराचे पान जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धतींनी आवळले जाते, म्हणजे त्याचा आकार कमी केला जातो, पण पत्ता आणि फॉर्मचा मजकूर सहसा आवळला जात नाही. एचटीटीपी/2 या ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या पद्धतीत हेडर (मागणीसोबत जाणारे तपशील) आणि त्यांच्यातच जाणारा पत्ता तेवढा आवळला जातो. फॉर्मसोबत फोटो जोडायचा असेल तर ही वाढ किरकोळच ठरते: 2 एमबीचा फोटो सेकंदाला पाच जणांनी चढवला की 80 मेगाबिट तेवढ्यातच गेले. यासाठी चाचणीचा डेटा ‘टेस्ट1’, ‘टेस्ट2’ असा न भरता खऱ्या मराठी नावांचा आणि खऱ्या आकाराच्या फोटोंचा घ्यावा.

साधन बदलले की मोजण्याची जागाही बदलते. अपाची बेंच हे दुसरे साधन ‘टोटल ट्रान्सफर्ड’मध्ये हेडरसकट मोजते आणि ‘एचटीएमएल ट्रान्सफर्ड’मध्ये हेडर वगळते. केसिक्स या आणखी एका साधनात ‘डेटा_सेंट’ आणि ‘डेटा_रिसीव्ह्ड’ ही वेगळी मापे येतात. टीसीपी व आयपी या नेटवर्कच्या नियमांचे किमान 20-20 बाइटांचे हेडर डेटाच्या प्रत्येक पाकिटाला (पॅकेटला) लागतात, पण जेमीटरसारख्या साधनांच्या हिशेबात ते येत नाहीत. म्हणून राउटरवरचा आकडा अहवालापेक्षा थोडा जास्त निघतो. तफावत मोठी असेल तर आधी ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ (आवळलेले पान चालेल असे सर्व्हरला सांगणारे) हेडर तपासावे. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ते घालायचे राहिले की सर्व्हर पान न आवळताच पाठवतो आणि ‘रिसीव्ह्ड’ खऱ्या ब्राउझरपेक्षा कितीतरी फुगते.