जर्मनी म्हणेल ती पूर्व दिशा? नाही!

‘युरोपियन युनियनमध्ये जर्मनी-फ्रान्स म्हणतील तसंच होतं,’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. त्यांचं वजन आहेच, पण हुकूम चालत नाही. बहुतेक कायद्यांना मंत्र्यांच्या परिषदेत २७ पैकी १५ देश लागतात, आणि त्या देशांत युनियनची ६५ टक्के लोकसंख्याही हवी. शिवाय युरोपियन संसदेची मंजुरी वेगळी. तिथे जर्मनीच्या ९६ जागा, चिमुकल्या माल्टाच्या ६. लोकसंख्येच्या मानाने झुकतं माप माल्टालाच!

कर आणि परराष्ट्र धोरणात तर सहसा एकमतच लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या सदस्यत्वाच्या चर्चेवर निर्णय होताना हंगेरीचे पंतप्रधान ऑर्बान खोलीबाहेर गेले, म्हणून उरलेल्या २६ जणांना होकार देता आला. काही तासांतच ऑर्बान यांनी युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत एकट्याने अडवली. ती मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडला.