भाजलेल्या माणसाला ‘कसं झालं?’ विचारायची घाई नको

मुंबईत कुणी भाजलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती टक्के, म्हणजे अंगाची किती कातडी भाजली? कस्तुरबा असो, सायन असो, भायखळ्याचं मसीना असो की ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, बर्न्स वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना आकडेच सांगत असतात, कुणाचा नवरा ३५ टक्के, कुणाची सून ५० टक्के. आकडा महत्त्वाचा आहेच, सलाईन किती चढवायचं आणि पेशंट वाचायची शक्यता किती ते त्याच्यावरून ठरतं. पण मनाला किती लागलंय ते त्या आकड्यावरून कळत नाही. अभ्यासांमध्ये हे बऱ्याचदा दिसलंय, की जास्त भाजलं म्हणजे मानसिक त्रास जास्त असा सरळ हिशोब लागत नाही. त्या क्षणी ‘आता मी मरतोय’ असं वाटलं होतं का, पहिल्या काही दिवसांत झोप आणि भीती कशी होती, आधीपासून डिप्रेशन किंवा दारूचा प्रश्न होता का आणि घरी पाठीशी कोण आहे, यावरून पुढचा अंदाज जास्त बरा येतो.

२८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेत बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. जे वाचले त्यांच्या मनाचं पुढे काय झालं हे अलेक्झांड्रा ॲडलर आणि एरिक लिंडेमन या डॉक्टरांनी नीट नोंदवून ठेवलं. झोपेत दचकणं, तेच तेच दिसत राहणं, चिडचिड, ‘मी वाचलो आणि ती नाही’ ही टोचणी, सगळं तेव्हाच लिहिलं गेलं. जबर धक्क्यानंतर मागे लागणाऱ्या या त्रासाला आता पीटीएसडी म्हणतात, पण ते नाव मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत यायला १९८० उजाडलं.

आत होतं काय, तर मेंदूत अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग असतो, धोका ओळखणं हे त्याचं एक मुख्य काम. एकदा चोर शिरलेल्या सोसायटीचा वॉचमन कसा नंतर मांजर दिसलं तरी शिट्टी मारतो, तसं त्याचं होतं. त्यात वासाची गोष्ट अजून वेगळी, कारण बाकीच्या इंद्रियांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या नाक्यावरून जातात आणि वासाचा निरोप जवळजवळ थेट अमिग्डालापर्यंत पोचतो. म्हणून केस जळल्याचा किंवा रॉकेलचा वास आला की माणूस विचार करायच्या आत घामाघूम झालेला असतो, आणि मग घरचे म्हणतात उगाच नाटकं करतेय. नाटक नाहीये ते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आपल्याकडे पक्का समज आहे की मनातलं लगेच बोलून टाकलं की माणूस मोकळा होतो, आणि हा समज फक्त आपलाच नाही, एकेकाळी बऱ्याच तज्ज्ञांनाही तसंच वाटायचं. वेल्समध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच भाजलेल्या १३३ मोठ्या माणसांवर हे तपासलं, निकाल १९९७ मध्ये छापून आला. काहींना सुरुवातीच्या दिवसांतच बसवून सगळी घटना पहिल्यापासून सांगायला लावली, काहींना तसं काही केलं नाही. १३ महिन्यांनी पाहिलं तर सांगायला लावलेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी होता आणि दुसऱ्या गटात ९ टक्के. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या गटातले लोक सुरुवातीलाच थोडे जास्त गंभीर होते, त्यामुळे सगळं खापर त्या एका बैठकीवर फोडता येणार नाही. पण पुढे वेगवेगळ्या अपघातांवरच्या अभ्यासांतही असली एका बैठकीतली सक्तीची उजळणी काही कामाची ठरली नाही, म्हणून आता सरसकट सगळ्यांना ती करूच नका असं सांगितलं जातं.

आणि आपल्या वॉर्डात काय चालतं बघा. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, मग पोलीस जबाब घ्यायला येतात, गंभीर केस असेल तर मॅजिस्ट्रेट येतात, हे कायद्याचं आहे, टळणार नाही. पण त्यानंतर डोंबिवलीची मावशी, गावावरून आलेले काका, शेजारच्या खोलीतली बाई, प्रत्येकाला नारळपाणी हातात देता देता ‘नक्की कसं गं झालं?’ हे ऐकायचंच असतं, आणि त्यात संशय असेल, सासरचं काही असेल, तर सांगणारीला प्रत्येक वेळी शब्द मोजून सांगावं लागतं. हा भाग कायद्याने कुणावर लादलेला नाही. पहिल्या दिवसांत लागतं ते साधं असतं: वेदना आटोक्यात, झोप, ओळखीचा चेहरा, पुढे काय होणार याची खरी माहिती. पेशंट स्वतःहून बोलायला लागली तर ऐका, अडवू नका, फक्त उकरू नका.

वेदनेचं तर वेगळंच. ड्रेसिंग बदलताना जे होतं ते पेशंट म्हणतात भाजण्यापेक्षा वाईट, आणि ते रोज किंवा दिवसाआड होत असतं, म्हणजे भीती दर वेळी नवीन. ‘सहन कर थोडं’ हे सांगून भागत नाही, पेनकिलर नीट द्यायला सांगणं हा मनाच्या उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत सिॲटलमध्ये तर पेशंटला व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून बर्फाच्या दरीत स्नोबॉल फेकायला लावतात आणि तेवढ्या वेळात ड्रेसिंग उरकतात. लक्ष तिकडे गुंतलं की वेदना खरंच कमी जाणवते.

नंतरचा काळ मात्र जास्त अवघड असतो असं मला वाटतं, कारण डिस्चार्ज मिळाला की सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. व्रण पिकायला, म्हणजे त्यांची लाली आणि कडकपणा जायला, वर्ष दीड वर्ष सहज लागतं, तोवर व्रण दाबून ठेवणारे ते टाइट कपडे, प्रेशर गारमेंट, दिवसाचे २३ तास घालायचे. ग्राफ्टला, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेल्या कातडीला, घामच येत नाही, सगळा घाम उरलेल्या अंगातून निघतो, आणि हे मे महिन्यात विरार लोकलमध्ये. वर खाज. रात्रभर खाज, म्हणून झोप नाही, म्हणून चिडचिड, म्हणून भांडण, आणि मग लोक म्हणतात स्वभाव बदलला हिचा. कधी कधी आधी खाजेवर औषध द्यायची गरज असते, गॅबापेंटिनसारखी औषधं त्यासाठी वापरतात, डॉक्टरांना विचारा.

दुसरा सल्ला घरोघरी मिळतो, ‘विसर आता ते’. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी २००२ मध्ये दाखवलं की जे पेशंट एकीकडे विषय डोक्यातून ढकलत राहतात आणि दुसरीकडे भावनांचा स्फोटही होऊ देतात, दोन्ही एकाच वेळी, त्यांची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी दोन महिन्यांनंतर जास्त होती. तसंही दहा बाय दहाच्या खोलीत टाळणार तरी काय? ओटा तिथेच, बाटला तिथेच, झोपायचंही तिथेच. इथे उपयोगी पडते ती ट्रॉमावरची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायची बोलण्याची थेरपी, नेटाने, ठरावीक बैठका घेऊन. गॅस आधी नुसता बघायचा, मग बंद गॅसचं बटण हाताळायचं, मग दुसऱ्या कुणी पेटवताना दारात उभं राहायचं, भीती खाली उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग पुढची पायरी. इथे भीतीला सामोरं जाणं आहे, पण ते तिच्या वेगाने आणि शिकलेल्या माणसाबरोबर, आणि नेमकं हेच पहिल्या दिवशीच्या चौकशीत नसतं.

राहिले बघणारे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिनस्टेडला आर्चिबाल्ड मॅकिंडो नावाचे सर्जन भाजलेल्या वैमानिकांवर उपचार करायचे. त्यांनी पेशंटला हॉस्पिटलच्या कपड्यांऐवजी युनिफॉर्ममध्ये गावात पाठवलं आणि गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं की टक लावून बघू नका, घरी जेवायला बोलवा. मुंबईला असं कोण सांगणार, त्यामुळे तयारी पेशंटलाच करावी लागते, हा अन्याय आहे पण तसंच आहे. व्रण असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आता ते शिकवतात: कुणी रोखून बघितलं तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं, म्हणजे नजरेला नजर देऊन मान हलवायची किंवा सरळ बोलायला लागायचं, आणि विचारलंच तर एक छोटं उत्तर तयार ठेवायचं. ‘भाजलं होतं, आता बरी आहे, दादर आलं का?’ एवढं पुरतं. सगळी गोष्ट ऐकायचा हक्क डब्यातल्या कुणालाही नाही.

महिनाभरानंतरही रात्री तेच दिसत असेल, जेवण जात नसेल, ‘मी का वाचले’ असं वारंवार येत असेल तर सर्जनच्या फॉलोअपलाच सायकियाट्रीचा कागद मागून घ्या, मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलांत ती ओपीडी असते. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर महिना वगैरे मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. सरकारच्या टेलि मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही लावला तर चालतो.