ऑपरेशनआधी काय घ्यावं आणि काय घ्यायला थांबावं
मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) होणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

हे पत्रक तुमच्या हातात आलंय म्हणजे बहुधा ऑपरेशनची तारीख ठरली आहे; तुमची, नाहीतर घरातल्या कुणाची. आम्ही शिवणकाम करणारी माणसं. खिशाच्या ब्रा, काखेखाली घ्यायच्या उशा, ड्रेनच्या (जखमेतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशव्या, कापसाचे हलके आणि सिलिकॉनचे कृत्रिम स्तन, एवढाच आमचा पसारा. औषधं, टाके, तपासण्या यांत शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. पण मापं घेताना ग्राहक खूप काही सांगतात, आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे आहेत.

पहिली गोष्ट आमच्याच धंद्याला मारक आहे, तरी सांगतो. ऑपरेशनआधी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेऊ नका, मापाची ब्राही शिवून घेऊ नका. पहिले काही आठवडे छातीला सूज असते, ती हळूहळू उतरते आणि व्रणाचा आकार बदलत राहतो. पुढे रेडिएशन असेल तर त्वचा पुन्हा नाजूक होते. आज घेतलेलं माप सहा आठवड्यांनी बसेलच असं नाही. घाईने घेतलेल्या वस्तू कपाटात पडून राहतात आणि दर वेळी कपाट उघडलं की डोळ्यांना बोचतात.

आधी लागतात त्या गोष्टी मोजक्याच. पुढून पूर्ण उघडणारे, सैल बाह्यांचे दोन-तीन गाऊन किंवा शर्ट, कारण डोक्यावरून कपडा घालायला हात वर जाणार नाही. काखेखाली घ्यायची एक मऊ उशी. ड्रेन ठेवायची पिशवी. एवढं पुरे. उशी आणि पिशवी घरी शिवता येत असेल तर आमच्याकडे यायचीही गरज नाही.

सर्जनना आधी विचारून ठेवा

ऑपरेशन एकाच प्रकारचं नसतं, आणि पुढे काय लागणार हे त्यावरच ठरतं. साध्या मास्टेक्टॉमीत स्तन काढतात. मॉडिफाइड रॅडिकलमध्ये त्याबरोबर काखेतल्या लसीका गाठीही काढतात. कधी आधी फक्त एक-दोन ‘पहारेकरी’ गाठी (कर्करोग काखेत पसरला तर आधी जिथे पोचतो त्या) तपासतात आणि मग पुढचं ठरवतात. त्याच वेळी स्तनाची पुनर्रचना होणार असेल तर आमच्या नेहमीच्या सल्ल्यातला बराच भाग तुम्हाला लागू होत नाही. उशीचा किंवा पट्ट्याचा दाब कुठे चालेल तेही सर्जनच सांगतील. म्हणून विचारा: काखेतल्या गाठी काढणार का? ड्रेन किती आणि साधारण किती दिवस? हात खांद्याच्या वर कधी न्यायचा? रेडिएशन आहे का?

घरातल्या जुन्या बायकांनी ‘हात कायमचा जातो’ असं सांगितलं असेल तर त्यामागे एक इतिहास आहे. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढत, आणि ती पद्धत अनेक दशकं चालली. आता छातीचा मोठा स्नायू सहसा शाबूत ठेवतात. हात आखडतो, पण व्यायामाने बहुतेकांचा मोकळा होतो.

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाचं औषध, कसलीही वनौषधी चालू असेल तर ती सांगा; स्वतःच्या मनाने बंद करू नका. धूम्रपान मात्र आजच थांबवा, त्याने जखम भरायला उशीर होतो. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापलं तरी तिथून जंतू शिरतात.

एक तासाचा प्रयोग

आदल्या आठवड्यात एक दिवस, ज्या बाजूचं ऑपरेशन आहे त्या बाजूचं कोपर अंगाला चिकटवा आणि तासभर घरात वावरा. दात घासा, पाणी ओतून घ्या, अंथरुणातून उठा, दार उघडा. कुठे अडतंय ते लगेच कळेल. वरच्या फळीवरचं सामान कमरेच्या उंचीवर आणा. घट्ट झाकणाच्या बरण्या सैल करून ठेवा. फोनचा चार्जर पलंगाच्या त्या बाजूला लावा जिकडे चांगला हात पोचतो. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपून पाहा, कारण सुरुवातीच्या रात्री तशाच जाणार आहेत. आणि पहिले काही आठवडे जड उचलायचं नाही. लहान मूलही नाही. मुलाला ते आधीच समजावून ठेवलेलं बरं.

ड्रेन: सगळ्यांना ज्याची धास्ती असते

व्रणापेक्षाही ग्राहक ड्रेनबद्दल जास्त विचारतात. ते स्वाभाविकही आहे, कारण घरी आल्यावर तो तुम्हालाच सांभाळायचा असतो.

स्तन काढल्यावर त्वचेखाली मोकळी जागा राहते आणि तिथे द्रव साचतो. ड्रेन म्हणजे त्या जागेतून निघालेली बारीक नळी, तिच्या टोकाला रबरी फुगा किंवा दाबता येणारी बाटली. फुगा दाबून झाकण लावलं की तो पुन्हा फुलायला बघतो, आणि त्या ओढीने आतला द्रव नळीतून बाहेर येतो. म्हणजे फुगा चपटा असेल तर तो काम करतोय. पूर्ण फुललेला असेल तर ओढ संपलेली आहे, मग तो भरलेला असो वा रिकामा.

रिकामा करताना आधी हात साबणाने धुवा. झाकण उघडा, द्रव मोजपात्रात ओता, फुगा पुरता दाबा आणि दाबलेला असतानाच झाकण लावा. हा शेवटचा भाग हमखास चुकतो. वहीत तारीख, वेळ, किती मिलिलीटर आणि रंग लिहा. दोन ड्रेन असतील तर त्यांवर १ आणि २ लिहून घ्या आणि नोंदी वेगळ्या ठेवा. दोन्ही एकाच आकड्यात मिळवले की कुठला आधी काढायचा ते कळत नाही. सुरुवातीला रंग लाल असतो, मग गुलाबी होतो, पुढे पिवळसर. २४ तासांत साधारण ३० मिलिलीटरच्या खाली आलं की बरेच सर्जन ड्रेन काढतात. तिथवर पोचायला अनेकांना एक ते दोन आठवडे लागतात. शेजारणीचा पाचव्या दिवशी निघाला म्हणून तुमचा रेंगाळलाय असं समजू नका.

नळीत रक्ताची गुठळी अडकली तर ती सरकवायची पद्धत रुग्णालयातून निघण्याआधी परिचारिकेकडून शिकून घ्या: एका हाताने त्वचेजवळ नळी पक्की धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती दाबत फुग्याकडे सरकवायची. घरच्यांपैकी एकाने तरी तेव्हा बघायला हवं, कारण पहिल्या दिवशी तुमचं लक्ष लागणार नाही.

आता पिशवीचं. भरलेला फुगा नुसता लोंबकळत राहिला की नळी टाक्याला ओढते, तीच ती दिवसभराची खुपखुप. पिशवीने वजन गळ्यावर किंवा कमरेवर जातं. ती जखमेच्या खालच्या पातळीवर हवी. झोपताना फुगा गाऊनला अडकवा, चादरीला नको. कूस बदलायला गेलात की काय होईल ते सांगायला नको. आणि पिन कधीही नळीतून टोचू नका. अंघोळीची परवानगी मिळाली की गळ्यात जुनी नाडी घालून तिला ड्रेन अडकवता येतो. त्यासाठी वेगळी वस्तू विकत घ्यायची गरज नाही, आमचीसुद्धा.

ड्रेन निघाल्यावर कधी त्वचेखाली पाणी साचून फुगवटा येतो. त्याला सेरोमा म्हणतात. थोडा असेल तर जिरतो, जास्त असेल तर डॉक्टर सुईने काढतात. घरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

उशी, झोप, दुखणं

काखेतली उशी जाड असावी असं वाटतं, पण जाड उशीने खांदा बाहेर ढकलला जातो आणि मान दुखायला लागते. दंड अंगाला घासू नये एवढीच जाडी हवी. गाडीत बसताना तीच उशी छाती आणि सीटबेल्ट यांच्यामध्ये घ्या. बेल्ट टाळू नका.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, मुंग्या, कधी कापडाचा स्पर्शही नको वाटणं: काखेतून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेला धक्का लागल्यामुळे हे होतं आणि बऱ्याच जणींना जाणवतं. नसलेल्या स्तनाला खाज सुटल्यासारखंही वाटतं. वेड लागलेलं नाही. मेंदूला बातमी उशिरा पोचते. दुखणं सहन करून गोळी लांबवू नका, सांगितलेल्या वेळी घ्या. व्यायामाआधी अर्धा तास घेतली तर व्यायाम नीट होतो. जोरदार वेदनाशामकांनी पोट बांधलं जातं, हे कुणी आवर्जून सांगत नाही. पाणी भरपूर प्या, थोडं चाला, आणि डॉक्टरांकडून पोट साफ होण्याचं औषध आधीच लिहून घ्या.

डॉक्टरांची हरकत नसेल तर हलके व्यायाम लगेच सुरू होतात: मूठ वळणं, कोपर वाकवणं, खांदे उचलून सोडणं. ड्रेन असेपर्यंत हात बहुधा खांद्याच्या वर न्यायला सांगत नाहीत. नंतर भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज कालच्यापेक्षा थोडं वर. काखेतून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी लागली तर घाबरून हात बांधून ठेवू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

व्रण पहिल्यांदा कधी बघायचा याचा नियम नाही. कुणी पट्टी सुटताच बघतं, कुणी महिन्याने. आमच्या फिटिंगच्या खोलीतल्या आरशाला पडदा आहे तो याचसाठी.

थांबू नका, डॉक्टरांना फोन करा

३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. जखमेभोवती पसरत जाणारी लाली, पू किंवा दुर्गंध. ड्रेन अचानक लालभडक रक्ताने भरणं. छातीत एकाएकी मोठा फुगवटा. एका पोटरीला सूज आणि दुखणं. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात.

मग आमच्याकडे

मधल्या काळात कापसाचा हलका स्तन सैल, बिनतारेच्या ब्रामध्ये किंवा आतल्या बनियनला अडकवून वापरता येतो, तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. तो मागून उसवता येतो. भरण कमी-जास्त करून आकार जमवा. सिलिकॉनचं माप जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. रेडिएशन असेल तर त्वचा निवेपर्यंत आणखी थांबा.

सिलिकॉन जड लागतो असं पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात. उरलेला स्तन मोठा असेल तर ते वजन कामाचं असतं, नाहीतर खांदा एका बाजूला झुकतो आणि ब्रा वर सरकते. वजन पेलायला पट्टा रुंद हवा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो, आणि काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूला घट्ट काचणारं काहीच नको. हातसूज, म्हणजे लिम्फेडीमा, महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकते. अंगठी घट्ट व्हायला लागली, बाहीचा वळ उमटायला लागला, हात जड वाटला तर लवकर दाखवा. सुरुवातीला ती आटोक्यात ठेवणं सोपं जातं.

वापरलेला सिलिकॉन रोज सौम्य साबणाने हाताने धुवा, टिपून कोरडा करा, त्याच्या साच्यातच ठेवा. पिना आणि ब्रोच त्याचे वैरी. आणि काहीच न घालता सपाट छातीने वावरायचं ठरवलंत तर तेही चालतं. तसं ठरवलेल्या ग्राहकांना आम्ही बिनखिशाचे, व्रणाला न टोचणारे मऊ बनियन शिवून देतो. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, त्यांचंही ऑपरेशन होतं. त्यांच्यासाठी हेच बनियन, बिनधास्त मागा.

फिटिंगला येताना अंगाला क्रीम किंवा पावडर लावू नका, ज्यांच्यासमोर अवघडल्यासारखं होत नाही अशा कुणालाही बरोबर आणा. आणि तुमचा सगळ्यात आवडता कपडा पिशवीत घालून आणा. त्याचा गळा बघून आम्ही ब्राची वरची कड किती उंच ठेवायची ते ठरवतो.