अर्धी गाडी चालू, अर्धी बंद : कॅराव्हॅनची वीज अर्धवट जाते तेव्हा

‘दिवे लागतात, पण पाण्याचा पंप बंद आहे.’ ‘पंखा फिरतो, एसी सुरूच होत नाही.’ पावसाळ्यात इगतपुरी, भंडारदऱ्याकडून आम्हा कॅराव्हॅन बांधणाऱ्यांना सर्वांत जास्त फोन असेच येतात. यातले बरेचसे दोष तुम्हाला गाडी उभी आहे तिथेच, अर्ध्या तासात शोधता येतात. त्यासाठी हे पत्रक.

गाडीत दोन वेगळ्या विजा आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. छताचे दिवे, पंखा, पंप आणि फ्रिज मागच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतात. एसी, गिझर आणि इंडक्शन बाहेरून येणाऱ्या २३० व्होल्टवर. म्हणून आधी काय बंद आहे आणि काय चालू आहे, ते कागदावर लिहा. आम्ही बांधलेल्या गाड्यांत दोनच सॉकेट इन्व्हर्टरवर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारे यंत्र) असतात, त्यांच्यावर पिवळी खूण आहे. बाकीचे सॉकेट बाहेरची लाईन नसताना बंद असतील तर तो दोष नाही.

लोड (चालू उपकरण) न लावता मीटर लावू नका

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो. पंप चालत नाही म्हणून पंपाच्या वायरींवर व्होल्टेज मोजणारा मीटर लावला जातो. मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो. ‘सप्लाय तर आहे, म्हणजे पंपच गेला’ असे ठरते, बाजारातून नवा पंप येतो, आणि तोही चालत नाही.

मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या थिंबलमधून (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) किंवा सैल अर्थमधून (निगेटिव्हचा, म्हणजे करंटच्या परतीचा जोड) अगदी थोडा करंट जात असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. पंपाला ५ ते ७ अँपिअर लागतात. वाटेत फक्त १ ओहमचा अडथळा असला, तरी पंप सुरू करताच त्याच्या टोकांवर ८-९ व्होल्ट उरतात. म्हणून मोजणी नेहमी नळ उघडा ठेवून, पंपाचे बटण चालू असताना करायची.

पाचेक मीटर वायरीला दोन्हीकडे मगर क्लिप (दातेरी चिमटे) लावून घ्या. एक टोक मागच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे मीटरच्या काळ्या प्रोबवर. आता लाल प्रोब पंपाच्या निगेटिव्ह वायरीवर ठेवा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. तो ३-४ दिसला तर पंप निर्दोष आहे, दोष अर्थमध्ये आहे. तसाच दुसरा हिशेब बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पंपाच्या पॉझिटिव्हपर्यंत करा. तिथे जास्त आकडा आला तर फ्यूजचा क्लिप, स्विच किंवा जोड बघायचा. मीटर नसेल तर जुना ६० वॉटचा हेडलाइट बल्ब पंपाच्या जागी जोडून पाहा. तो मंद लागला तर उत्तर मिळाले. एलईडीचा टेस्टर इथे फसवतो.

सापडलेला जोड उघडून पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नवे टिन केलेले थिंबल नीट दाबून क्रिम्प करा, स्टार वॉशर घाला, आवळा आणि शेवटी पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही. रंगावरून पत्र्यात मारलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे.

आमचे कोटेशन थोडे जास्त का, असे विचारले जाते. आम्ही बॉडी अर्थवर अवलंबून राहत नाही; प्रत्येक वस्तूची निगेटिव्ह वायर थेट बसबारपर्यंत (सगळ्या वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) आणतो. सहा मीटर अंतरावर १० अँपिअरसाठी अडीच एमएमच्या (चौरस मिमी) वायरीत जाऊन-येऊन जवळपास ०.९ व्होल्ट खर्च होतो, सहा एमएममध्ये ०.४. बारा व्होल्टमध्ये हा फरक फ्रिजला लगेच जाणवतो.

फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मोठा घातल्यास फ्यूज टिकतो आणि वायर जळते.

सकाळी सगळेच १२ व्होल्ट गेले तर

रात्री बाहेरची लाईन जोडलेली होती, तरी सकाळी दिवे नाहीत? बहुधा चार्जर बंद पडला आणि रात्रभर बॅटरीच खर्च झाली. चार्जर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.४ हवे. आकडा १२.५ वरून खाली सरकत असेल तर आधी चार्जरचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) बघा. लिथियम बॅटरी खूप उतरली की तिचे बीएमएस (बॅटरी सांभाळणारे आतले सर्किट) पुरवठा एकदम तोडते. चार्जिंग मिळाले की ती बहुधा परत उठते. न तपासता नवी बॅटरी घेऊ नका. आम्हीही लोड टेस्टशिवाय विकत नाही.

बाहेरची लाईन

द्राक्षबागेत मुक्काम असेल तर शेतीपंपाच्या स्टार्टर पेटीतून लाईन घेऊ नका. तिथे अनेकदा न्यूट्रल (करंटच्या परतीची वायर) नसतो. दोन फेज जोडले गेले तर गाडीत ४०० व्होल्ट येतात, आणि जमिनीतल्या रॉडवरून न्यूट्रल घेणे जिवावर बेतते. घरातल्या सॉकेटमधून लाईन घ्या, जोडण्याआधी २१० ते २५० व्होल्ट असल्याची खात्री करा. एक्स्टेंशन अडीच एमएमचे हवे आणि पूर्ण उलगडलेले. गुंडाळीत ते तापते.

आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा सुरक्षा स्विच) पडत असेल तर सर्व प्लग काढा, मग एकेक लावा. नुसते एमसीबी पाडून भागत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. पावसात गिझर आणि बाहेरचा सॉकेट हे पहिले संशयित. आरसीसीबी बायपास करू नका. २३० ची पेटी उघडायची वेळ आली तर तिथेच थांबा आणि गाडी आमच्याकडे आणा.

तपासणीचे शुल्क आम्ही घेतो. दुरुस्ती आमच्याकडे केल्यास ते बिलातून वजा होते. बाहेरून आणलेला पंपही बसवून देतो, पण आधी लोडवर मोजून. मे महिन्यात पावसाळापूर्व तपासणी करून घेतल्यास सर्व अर्थ जोड उघडून साफ करतो. फ्यूज, थिंबल आणि क्लिप लावलेली वायर असलेली पिशवी काउंटरवर मिळते.

फोन करताना हे सांगा : काय बंद, काय चालू, बॅटरीचा आकडा चार्जर चालू असताना आणि बंद असताना, आणि पंप चालू ठेवून मोजलेला निगेटिव्हचा आकडा.