रापीचा काप आणि पेशींचे निरोप

कोल्हापुरी चपलेचा तळ कापताना रापी कधीतरी निसटते, अंगठ्याच्या बुडाशी लागते, आणि कारागीर चिंधी गुंडाळून पुन्हा कामाला बसतो. त्याच्या हाताखालचे म्हशीचे कातडे आणि त्याच्या अंगठ्याची आतली त्वचा हे दोन्ही मुख्यतः कोलॅजेन या एकाच प्रथिनाचे विणकाम आहे. मात्र बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्यात ते विणणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात, अंगठ्यात त्या जिवंत असतात. संयोजी ऊतीतील या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात.

एरवी त्या निवांत असतात. त्यांना कामाला लावतात ती सायटोकाइन आणि वृद्धिघटक नावाची छोटी प्रथिने, जी एका पेशीतून बाहेर पडून दुसरीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात आणि आतल्या जनुकांपर्यंत निरोप पोचवतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटच पहिला निरोप धाडतात. त्यातल्या पीडीजीएफ या वृद्धिघटकाच्या मागावर फायब्रोब्लास्ट जखमेकडे सरकू लागतात. दोनेक दिवसांत तिथे मॅक्रोफेज या भक्षक पेशी जमतात. त्यांनी सोडलेली इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ ही सायटोकाइन फायब्रोब्लास्टना आधी विणायला नव्हे, तर उसवायला लावतात, म्हणजे खराब झालेले कोलॅजेन तोडणारी विकरे (एन्झाइम) बनवायला लावतात.

विणकामाचा हुकूम मुख्यतः टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचा. त्याच्या प्रभावाखाली प्रथम तिसऱ्या प्रकारचे नाजूक कोलॅजेन तयार होते आणि पुढे त्याची जागा पहिल्या प्रकारचे दणकट कोलॅजेन घेते. काही फायब्रोब्लास्टमध्ये तर स्नायूंसारखे आकुंचन पावणारे तंतू येतात. संशोधक गॅबियानी आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये वर्णन केलेल्या या मायोफायब्रोब्लास्ट पेशी जखमेच्या कडा जवळ ओढतात. गंमत अशी की टीजीएफ-बीटा सभोवतालच्या जाळ्यात निष्क्रिय रूपात साठवलेला असतो आणि पेशींनी ओढ दिली की मोकळा होतो, म्हणजे ताण वाढला की हुकूमही वाढतो. छाती-खांद्यावरचे व्रण फुगण्यामागे हे एक कारण मानतात. पण कानाच्या पाळीवर ताण नसूनही व्रण फुगतात, तेव्हा ताणावर सगळे खापर फोडता येत नाही.

माझ्या मते खरे कौशल्य थांबण्यात आहे. इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन कोलॅजेनची निर्मिती आवरते आणि काम संपल्यावर मायोफायब्रोब्लास्ट स्वतःहून मरतात. मधुमेही पायाच्या चिघळलेल्या जखमेत मात्र उसवण्याचा टप्पाच लांबतो, आणि तिथली विकरे वृद्धिघटकांनाही खाऊन टाकतात. अशा जखमांवर बाहेरून लावायचे पीडीजीएफचे जेल अमेरिकेत 1997 मध्ये मंजूर झाले, पण गर्दीत एकच निरोप पुन्हा ओरडून सांगितल्याने सगळ्यांचे काम भागत नाही.

अंगठा बरा होतो, तरी व्रणाची ताकद काही महिन्यांनंतरही मूळ त्वचेच्या फार तर 80 टक्क्यांपर्यंत जाते, कारण नवे तंतू टोपलीच्या विणीसारखे न गुंफता बहुतांशी एकाच दिशेने पडतात. जनावराच्या जुन्या जखमेचा असा व्रण कमावलेल्या कातड्यावरही ओळखू येतो, आणि चपलेच्या वरच्या पट्ट्यासाठी कातडे निवडताना तो भाग टाळला जातो.